बाईंच्या वर्गातलं काम

मी शाळेचा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी गाडीवाला. सकाळी पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची, दुपारी जिथल्या तिथे पोचती करायची, एवढाच माझा शिक्षणाशी संबंध. पोरं मला गाडीकाका म्हणतात, म्हणून त्यांचे आईबापही गाडीकाकाच म्हणतात. "गाडीकाका, दोन मिनिटं थांबा हं, फक्त बूट घालायचेत." अहो, बूट घालायला दोन मिनिटं लागत असतील, पण बूट सापडायला? माझं डोकं लवकर तापतं आणि मी ते लपवतही नाही. पण छोट्यांच्या वर्गाच्या बाई शेजारच्या सीटवर बसल्या असल्या की माझा आवाज आपोआप खाली यायचा. त्या काही बोलायच्या नाहीत. नुसत्या मागे वळून पोरांकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. बास, तेवढ्यात काम भागायचं.

बाई पूर्वी शाळेत चालत जायच्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. एक दिवस दुकानात बसल्या बसल्या त्यांचं अर्धं अंग गेलं. तेव्हापासून त्यांचं सगळं आटपून घराबाहेर पडायला बाईंना उशीर व्हायला लागला, म्हणून त्या माझ्या गाडीतून यायला लागल्या. दुपारी सगळी पोरं उतरली की शेवटचा थांबा त्यांचा. त्या शेवटच्या टप्प्यात आम्ही दोघंच असायचो, आणि तेव्हा त्या बोलायच्या. मला जे काही ठाऊक आहे ते त्या रस्त्यावरचं. बाकीचं मी डोळ्यांनी पाहिलं, कारण मधल्या वेळात घरी जाऊन परत येण्यापेक्षा मी गाडी शाळेच्या मागच्या अंगणातच लावायचो आणि बाईंच्या वर्गाची खिडकी बरोबर माझ्यासमोर यायची.

बाई मुळात मोठ्या वर्गांना गणित शिकवायच्या. त्या वेळच्या मुख्याध्यापकांशी त्यांचं कशावरून तरी वाजलं, आणि शिक्षा म्हणून त्यांना छोट्यांकडे पाठवलं. शिक्षाच ती. तिथे ना परीक्षा, ना निकाल, ना कुणी नाव काढणारं. सकाळपासून नुसती रडारड, नाकं पुसायची आणि चड्ड्या बदलायच्या. बाईंनी गाणी म्हणून पाहिली, चित्रं दाखवून पाहिली. पोरं काही ऐकेनात. "गाडीकाका, माझ्या अगदी नाकी नऊ आले होते," असं त्या म्हणायच्या.

मग एक दिवस वर्गातला नळ दुरुस्त करायला माणूस आला. पाइपाचे तुकडे, जुन्या तोट्या, रबरी चकत्या, सगळा पसारा तिथेच टाकून तो आणखी सामान आणायला गेला आणि दुपारपर्यंत फिरकलाच नाही. रोज भोकाड पसरणारी पोरं त्या पसाऱ्याभोवती बसली ती उठेचनात. कुणी पाइपातून डोकावतंय, कुणी तोटी फिरवतंय, कुणी चकत्या लहानमोठ्या लावून ठेवतंय. बाई म्हणाल्या, चला, डबे उघडा. तर एका चिमुरड्याने कानावर खडू खोचला होता, त्या नळवाल्यासारखा. तो वळूनसुद्धा न बघता म्हणाला, "थांबा ना बाई, काम चालू आहे."

तिथे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवसापासून त्यांच्या वर्गातून 'खेळ' हा शब्दच गेला. पोरं जे करायची त्याला सगळे काम म्हणायचे. आणि एक नियम झाला. ज्याने 'माझं काम चालू आहे' म्हटलं, त्याला कुणी उठवायचं नाही. बाईंनी नाही, मावशींनी नाही, खुद्द मुख्याध्यापकांनी नाही. "न्हावी अर्धी दाढी करून झाल्यावर आपण त्याला उठवतो का?" बाई विचारायच्या. मी त्यांची थट्टा करायचो, "मग मी गाडी चालवतो तो खेळ म्हणायचा का?" तर म्हणाल्या, "तुम्ही ज्या हौसेने हॉर्न वाजवता, त्यावरून तसंच वाटतं."

तो वर्ग तुम्ही पाहायला हवा होता. पाण्याच्या टाकीला लागून, शेवटची खोली. पोरांचा हात पोचेल अशा बुटक्या फळ्या. एका कोपऱ्यात दुकान. तिथे रिकामे डबे, दोन पारड्यांचा तराजू आणि वजनाला गोटे. एका फळकुटावर जुनी कुलपं ठोकलेली, आणि शेजारी किल्ल्यांचा जुडगा. कुठली किल्ली कुठल्या कुलपाची ते ज्याचं त्याने शोधायचं. खिडकीशी बाहुल्यांचा कोपरा. बाहुल्या जुन्या मोज्यांच्या, बाईंनी घरी शिवलेल्या. बाहुल्यांचे कपडे धुवायला एक टब, आणि वाळत घालायला बुटकी दोरी. चिमटे दाबून दाबून बोटांत बळ येतं आणि मग पेन्सिल धरायला सांगावं लागत नाही, असं बाईंचं म्हणणं. तेच चिमटे त्या घरी घेऊन जायच्या आणि यजमानांच्या लुळ्या हातात द्यायच्या. ते चिडायचे, "मी काय बालवाडीत आहे का?" बाई म्हणायच्या, "नाही, तिथली पोरं एवढी कुरकुर करत नाहीत."

अशी वर्षं गेली. बाईंना कधी मानपत्र मिळालं नाही की कुणी हार घातला नाही. त्यांना त्याचं काही नव्हतंही.

मग गप्पू आली. नाव मी ठेवलं. गाडीत चढली की खिडकीला चिकटून बसायची आणि उतरेपर्यंत तोंडातून अवाक्षर नाही. म्हणून गप्पू. बाई म्हणाल्या, "असू दे. उद्या गप्पा मारायला लागली तरी नाव बदलायला नको." मुलगी मुकी नव्हती. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, वेळ द्या. घरी आईशी दोन-चार शब्द बोलायची, तेही अडलं तरच. घराबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. आई रुग्णालयात नर्स, पाळ्यांची नोकरी. घरात तिसरं माणूस नाही. रात्रपाळी असली की गप्पूला शेजारणीकडे झोपवायची आणि जायची.

बाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, "तिला काही विचारायचं नाही. नाव नाही, डबा खाल्लास का नाही, काही नाही." मी म्हटलं, अहो, मग ती बोलणार कशी? तर म्हणाल्या, "विचारलं की तिला वाटतं परीक्षा आहे. तिला आधी काहीतरी सांगावंसं तर वाटू दे." मला काही ते पटलं नव्हतं.

गप्पूने वर्गात एकच जागा धरली, बाहुल्यांचा कोपरा. रोज त्याच बाहुलीला आंघोळ, तेच कपडे, तीच दोरी. बाई तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायच्या, काहीतरी शिवत. दिवसचे दिवस. मी खिडकीतून बघायचो आणि मनात म्हणायचो, ह्या बाईंचा धीर म्हणजे कमाल आहे. माझ्याने अर्धा तास झाला नसता.

आणि एके दुपारी शेवटच्या टप्प्यात बाई एकदम म्हणाल्या, "गाडीकाका, गाडी जरा बाजूला घ्या." मी घाबरलो. मला वाटलं घरून काही निरोप आला. तर बाईंच्या डोळ्यांत पाणी. "बोलली," म्हणाल्या. "बाहुलीला म्हणाली, रडू नको, आई काही हरवत नाही, ती कामाला गेलीय." मी उगाच आरसा पुसत बसलो.

त्यानंतर हळूहळू सुरू झालं. आधी बाहुलीला दटावणं, मग बाईंना ऐकू जाईल अशा बेताने बाहुलीला काही सांगणं. मग एकदा दुसरी एक मुलगी तिचा टब ओढायला लागली, तर गप्पू सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझं काम चालू आहे!" मी अंगणात होतो, मलासुद्धा ऐकू आलं. बाईंनी मान वर केली नाही. शिवत राहिल्या. पण सुई भलतीकडेच टोचत होत्या, ते मी पाहिलं. एकदा तर गप्पूने बाहुली बाईंच्या मांडीवर आणून ठेवली आणि म्हणाली, "हिच्या पोटात दुखतंय." बाईंनी बाहुलीचं पोट तपासलं. मग गप्पूने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. ते खरं दुखणं होतं. सकाळपासून दुखत होतं पोरीच्या.

आता ऐका, सगळं कुठे फिसकटलं ते.

गाडीत एक गुटगुटीत पोरगा होता, त्याला आम्ही पैलवान म्हणायचो. तो एक दिवस घरी गेला तो बाह्या कोपरापर्यंत ओल्या. आजीने विचारलं, हे काय रे? पैलवान म्हणाला, "बाईंनी आज खूप काम दिलं. मी धुणं धुतलं. मग फरशी पुसली. मग दुकानात माल भरला." आजीने विचारलं, "आणि खेळलास काय?" तर हा पठ्ठ्या म्हणतो, "खेळायला वेळच मिळाला नाही."

झालं! आजीने ते पोराच्या बापाला सांगितलं, बापाने चार पालकांना, आणि चौघांनी ध चा मा करून सगळीकडे. शाळेत लहान मुलांना धुणीभांडी करायला लावतात. अमक्याच्या मुलाला दुकानावर पाठवतात. मला एका आईने गाडीच्या दारात विचारलं, "काका, खरं का हो?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, हो, आणि गाडी पण तीच पोरं धुतात, मी नुसता बसून असतो. तिला ते खरंच वाटलं असेल, देव जाणे.

शेवटी शाळा चालवणारे साहेब स्वतः वर्गात आले. बरोबर पैलवानाचे वडील आणि आणखी दोघे. साहेब माणूस वाईट नव्हे, हेही सांगतो. हसतमुख, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. ते मुलांसमोर वाकले आणि गोड आवाजात म्हणाले, "काय बाळांनो, इथे काय करता तुम्ही?"

सगळी पोरं एका सुरात, "काम!"

"आणि खेळता की नाही?"

"नाही. काम करतो."

"काम करायला कोण सांगतं?"

"बाई!"

मी खिडकीबाहेर कपाळावर हात मारून घेतला. बाईंना मात्र हसू फुटलं. खरंच, त्या मोकळेपणाने हसल्या आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तो नळवाला, तो खडू, कुलपं, चिमटे, सगळं. पैलवानाच्या वडिलांनी टब पाहिला, मोज्याच्या बाहुल्या पाहिल्या आणि तेही ओशाळून हसले. मला वाटलं, चला, सुटलो.

तेवढ्यात ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे हे दिवसभर नुसतं खेळतात?"

आता बोला! काम म्हणावं तर गुन्हा, आणि खेळ म्हणावं तर फुकट. बाई काहीतरी सांगायला गेल्या, पण ऐकतंय कोण. कुणी म्हणालं, पलीकडच्या शाळेत एवढ्याच वयाची मुलं आपलं नाव लिहितात. कुणी म्हणालं, माझा पुतण्या शंभरपर्यंत म्हणून दाखवतो. साहेब मान हलवत राहिले. मग बाईंना म्हणाले, "बाई, मला पटतं हो तुमचं. पण मी पालकांना दाखवू काय? दाखवता येईल असं काहीतरी हवं ना."

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा त्या खोलीत बाकं आली होती. रंगीत, छोटी छोटी, गोजिरवाणी बाकं. फळ्या, तराजू, टब, कुलपांचं फळकूट, सगळं जिन्याखालच्या खोलीत नेऊन टाकायला मलाच बोलावलं. बाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, मी नाही उचलत. दुसरा माणूस बघा म्हणावं." तर म्हणाल्या, "उचला गाडीकाका. दुसरा माणूस आदळआपट करेल." मग मी उचललं. एकेक वस्तू हळू ठेवली. कुणासाठी ते मलाही कळत नव्हतं.

नवी पद्धत अशी. सकाळी गिरवण्याची पुस्तकं. मग एकेकाने उभं राहून पाठ केलेलं म्हणायचं. आठवड्यातून एक तास खेळाचा, वेळापत्रकात तसं लिहिलेलं, 'खेळ'. त्या तासाला एक चेंडू मिळायचा.

नोकरी सोडा, असं सांगणारे खूप भेटले बाईंना. सोडा म्हणायला काय जातं? यजमान अंथरुणावर, घर त्यांच्या पगारावर. शिवाय त्या वयात दुसरीकडे कोण घेणार? आणि त्या गेल्या असत्या तर गप्पूचं काय झालं असतं? कारण गप्पू बाकावर बसली त्या दिवसापासून पुन्हा कुलूप. जे कित्येक महिने खपून उघडलं होतं, ते खटकन बंद.

बाई साहेबांकडे गेल्या. बाकी काही मागितलं नाही. एवढंच म्हणाल्या, की वर्ष संपेपर्यंत खिडकीजवळ तो एक कोपरा राहू द्या. साहेब म्हणाले, "एका मुलीसाठी वेगळा नियम कसा करू? उद्या सगळे मागतील."

"सगळ्यांनी मागितलं तर सगळ्यांना द्या की," बाई म्हणाल्या.

साहेब छान हसले. बाईंना चहा पाजला आणि पाठवून दिलं.

मग बाईंनी एक दिवस ती बाहुली हळूच गप्पूच्या दप्तरात घातली. दुसऱ्या दिवशी बाहुली परत. धुऊन, वाळवून, पिशवीत घालून. आईचा निरोप, 'चुकून आली असेल, माफ करा.' इतकी सरळ ती आई. तिच्यावर चिडताही येईना.

वर्गात पाठ म्हणायची पाळी गप्पूवर आली त्या दिवशी मी अंगणातच होतो. वर्गात साहेबही होते, नवी पद्धत कशी चाललीय ते बघायला आलेले. गप्पू उभी राहिली. सगळी पोरं तिच्याकडे बघतायत. साहेब म्हणतायत, "बोल बाळ, घाबरू नकोस." बाई पुढे झाल्या तर साहेबांनी त्यांना हातानेच थांबवलं, तिला तिचं म्हणू द्या. पोरीचे ओठ हलेनात. आणि मग तिच्या पायांखाली ओलं झालं. एका पोराने बोट दाखवलं. बाईंनी तिला उचललं आणि थेट बाहेर आल्या, माझ्या गाडीत. माझ्या सीटवर ठेवलेला टॉवेल घेतला, तिला पुसलं. गप्पू रडलीसुद्धा नाही. बाईच रडत होत्या. मला त्या साहेबाचं काय करावं आणि काय नको असं झालं होतं. केलं काय? गाडीचं दार धरून उभा राहिलो.

त्या दिवशी शाळेने आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, मुलगी मागे पडतेय, घरी सराव घ्या. बाईंनी तिला फाटकाशी गाठलं. ती कामावरून तशीच आली होती, डोळे तारवटलेले. बाईंनी बाहुलीचं सगळं सांगितलं, पोटदुखीचंसुद्धा.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, ती बाहुलीशी बोलते ते मला माहीत आहे. घरी उशीशी बोलते. पण मला ती माणसांशी बोलायला हवीय. मी रात्री ड्यूटीवर असते. तिला ताप आला, कुठे दुखलं-खुपलं, तर शेजारच्या काकूंना सांगता तरी यायला हवं की नको? रात्रभर माझा जीव टांगणीला असतो हो. वेळ द्या, वेळ द्या म्हणतात सगळे. माझ्याकडे वेळ कुठून आणू?"

दोघींना एकच हवं होतं. बाई एवढंच म्हणाल्या, "तिला रागावू नका." आई म्हणाली, "नाही हो, मी कशाला रागावते तिला." आणि ती रागावली नसणार, मला खात्री आहे. प्रेमाने घेतला तिने सराव. रोज संध्याकाळी, ड्यूटीवर जाण्याआधी, मुलीला समोर उभं करून पाच वाक्यं. पुस्तकात छापलेली, 'स्वतःविषयी माहिती'. एक वाक्य आलं की गालाचा पापा. आणि एक दिवस गप्पू वर्गात उभी राहिली आणि पाचही वाक्यं म्हणून मोकळी झाली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.

दुपारी गाडीत मी म्हटलं, "बाई, बोलली तर खरी. तुमच्या पद्धतीने नाही, दुसऱ्या पद्धतीने, पण बोलली ना?" बाई बाहेर बघत होत्या. "हो, बोलली," म्हणाल्या. पुढच्या वळणावर म्हणाल्या, "डबा खाताना तिच्या हातातून डबा पडला. दुसरा मागितला नाही, कुणाला सांगितलं नाही. उपाशी बसून राहिली. मला सुटल्यावर कळलं." मग त्यांचं घर आलं, त्या उतरल्या.

आणि मग पालकांचा मोठा कार्यक्रम झाला. सभागृहात खुर्च्या, स्टेजवर माइक. छोट्यांच्या वर्गाने काय प्रगती केली ते दाखवायचं होतं. गप्पूचं नाव मुद्दाम घेतलेलं. साहेब स्वतः बोलले की ही मुलगी एक शब्द बोलत नव्हती, आता ऐका. बाईंना माइक धरून तिच्या शेजारी उभं केलं होतं, कारण स्टँड तिच्या उंचीला येईना.

गप्पू नवे कपडे, नवे काळे बूट घालून आली. हात दोन्ही बाजूंना सरळ. खडखडीत आवाजात म्हणाली, "मी एक हुशार मुलगी आहे. मी रोज शाळेत जाते. मला शाळा खूप आवडते. माझी आई परिचारिका आहे. मी मोठी होऊन देशाची सेवा करीन." सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. तिची आई खुर्चीत तोंडावर रुमाल धरून हुंदके देत होती. आजूबाजूच्या बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पैलवानाच्या वडिलांनी शिट्टी वाजवली. मी मागे दाराशी होतो. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "याला म्हणतात शिक्षण." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दुसरीकडे जाऊन उभा राहिला.

कार्यक्रम संपला. आईने स्टेजपाशी जाऊन बाईंचे दोन्ही हात धरले. म्हणाली, "बाई, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. आज रात्री मी निश्चिंत मनाने कामावर जाईन." बाई नुसत्या मान हलवत होत्या. मग मायलेकी माझ्या गाडीकडे यायला निघाल्या, मागून बाई. आणि मी पाहिलं, गप्पू लंगडत होती. उजवा पाय तिरका टाकत होती. बाईंनीही पाहिलं. त्या अंगणातच खाली बसल्या आणि तिला जवळ घेतलं.

"बूट चावतोय का गं?"

गप्पूने पाय जुळवले. हात दोन्ही बाजूंना सरळ केले. "मला शाळा खूप आवडते," ती म्हणाली.

आई कौतुकाने हसली. बाईंनी बुटाचा बंद सोडला, बूट काढला, मोजा खाली केला. टाचेला मोठा फोड आलेला, फुटून मोज्याला चिकटलेला. मोजा निघताना पोरीचा सगळा चेहरा आक्रसला, पण तोंडातून आवाज नाही.

"दुखतंय का, बाळा? कुठे दुखतंय? सांग ना मला," बाई म्हणाल्या. "नुसतं हो म्हण."

"माझी आई परिचारिका आहे," गप्पू म्हणाली.

"ऐकलंत का, गाडीकाका?" आई पर्समध्ये पट्टी शोधता शोधता माझ्याकडे बघून म्हणाली. तिचे डोळे अजून ओले होते. "आता कुणी काही विचारो, थांबतच नाही."

मी हो म्हणालो आणि गाडीचं दार उघडलं.